घटक ४ : अभिनेत्री ते ग्राहकांचा आवाज – प्रिया तेंडुलकर

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस –
१. प्रिया तेंडुलकर यांच्या जीवनकार्याचे प्रमुख टप्पे सांगता येतील.
२. चरित्रपर लेखनात कलावंताची भूमिका आणि त्याची व्यक्ती यांतील भेद का राखावा, हे स्पष्ट करता येईल.
३. विशेषनामाचे सामान्यनाम कसे होते, याचे सोदाहरण विवेचन करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, अभिनेत्याने साकारलेले पात्र लोकप्रिय झाले की प्रेक्षक त्या पात्राचे गुण अभिनेत्याच्या ठायी पाहू लागतात. अशा वेळी चरित्रकारापुढे प्रश्न उभा राहतो : आपण कोणाचे चरित्र लिहीत आहोत, पात्राचे की व्यक्तीचे? प्रिया तेंडुलकर यांच्या संदर्भात हा प्रश्न विशेष तीव्रतेने जाणवतो.

४.३ जीवन आणि कला

नाटककार विजय तेंडुलकर यांची कन्या असलेल्या प्रिया यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९५४ रोजी झाला. श्याम बेनेगल यांच्या ‘अंकुर’ (१९७४) या चित्रपटात त्यांनी जमीनदारपुत्राच्या पत्नीची भूमिका केली. पुढे ‘गोंधळात गोंधळ’, ‘थोरली जाऊ’, ‘मुंबईचा फौजदार’ या मराठी चित्रपटांतून त्या प्रेक्षकांच्या परिचयाच्या झाल्या. त्या कथालेखिकाही होत्या. ‘ज्याचा त्याचा प्रश्न’ आणि ‘जन्मलेल्या प्रत्येकाला’ ही त्यांची पुस्तके मराठी साहित्याच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवावीत, कारण दूरदर्शनच्या प्रसिद्धीमुळे त्यांची ही ओळख बरीचशी झाकली गेली.

१९८५ मध्ये बासू चॅटर्जी दिग्दर्शित ‘रजनी’ ही हिंदी मालिका दूरदर्शनवर सुरू झाली. रजनी ही मध्यमवर्गीय गृहिणी. गॅसचे सिलिंडर देताना होणारी लबाडी असो वा कार्यालयातील बेपर्वाई, ती गप्प बसत नाही. कारण विचारते, नियम दाखवण्यास सांगते, दाद मागते. देशात तेव्हा दूरदर्शन हीच एकमेव चित्रवाणी सेवा असल्याने ही गृहिणी घरोघरी पोहोचली. लोक आपली गाऱ्हाणी रजनीला, म्हणजेच प्रियाताईंना, सांगू लागले. त्यांनीही ही अपेक्षा झिडकारली नाही. ग्राहकांच्या व स्त्रियांच्या प्रश्नांवर त्या जाहीरपणे बोलू लागल्या. नव्वदच्या दशकात ‘द प्रिया तेंडुलकर शो’ या चर्चात्मक कार्यक्रमातून त्यांनी सामाजिक विषयांवर निर्भीडपणे प्रश्न विचारले. १९ सप्टेंबर २००२ रोजी, अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे मुंबईत निधन झाले.

४.४ श्रेयाचा प्रश्न

मालिकेनंतर वर्षभरातच, डिसेंबर १९८६ मध्ये, ग्राहक संरक्षण कायदा झाला आणि जिल्हा, राज्य व राष्ट्रीय अशी त्रिस्तरीय तक्रारनिवारण व्यवस्था अस्तित्वात आली. यावरून ‘रजनीमुळे कायदा झाला’ असे लिहिण्याचा मोह होतो. तो टाळावा. एक घटना दुसरीनंतर घडली, एवढ्यावरून पहिली दुसरीचे कारण ठरत नाही. मुंबईत कन्झ्युमर गायडन्स सोसायटी १९६६ पासून कार्यरत होती. सत्तरच्या दशकात बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने ग्राहक पंचायतीची चळवळ उभी राहिली होती. सर्व श्रेय एका नायिकेला दिले, तर या असंख्य कार्यकर्त्यांचे श्रम पुसले जातात. मालिकेचे श्रेय वेगळे आहे : तक्रार करणे म्हणजे भांडखोरपणा नव्हे, ही जाणीव तिने सामान्य घरांत पोहोचवली.

४.५ भाषिक विचार

(अ) विशेषनामाचे सामान्यनाम : ‘आमच्या गावात बरेच नारद आहेत’ या वाक्यात ‘नारद’ हे विशेषनाम सामान्यनामासारखे आले आहे. त्याचप्रमाणे ‘प्रत्येक चाळीत एक रजनी हवी’ असे म्हणताना ‘रजनी’ हे एका पात्राचे नाव न राहता अन्यायाविरुद्ध बोलणाऱ्या स्त्रीचे वर्गवाचक नाम होते. मात्र ‘तू काय स्वतःला रजनी समजतेस?’ या वाक्यात तेच नाम उपरोधाने येते. पहिल्या वाक्यात गौरव आहे, दुसऱ्यात बोलणाऱ्या स्त्रीला गप्प करण्याचा प्रयत्न आहे. शब्द एकच, अर्थ ठरतो तो वक्ता, श्रोता आणि प्रसंग यांवरून.

(आ) ग्राहक आणि गिऱ्हाईक : ‘गिऱ्हाईक’ हा शब्द ‘ग्राहक’ या संस्कृत शब्दापासूनच आला. परंतु ‘एखाद्याला गिऱ्हाईक करणे’ म्हणजे त्याला थट्टेचा किंवा फसवणुकीचा विषय करणे. चळवळीने व कायद्याने मूळ तत्सम रूप स्वीकारले आणि त्याला हक्काचा अर्थ दिला. ‘गिऱ्हाईक’ सौदा करते. ‘ग्राहक’ दाद मागतो.

४.६ समारोप

प्रिया तेंडुलकर यांनी रजनी साकारली. त्या स्वतः रजनी नव्हत्या. त्या लेखिका, अभिनेत्री आणि विचारी नागरिक होत्या. लोकांनी लादलेली प्रतिमा त्यांनी सामाजिक प्रश्नांच्या कामी आणली, यात त्यांचे मोठेपण आहे. आज कोणत्याही ग्राहकाला दाद मागण्यासाठी रजनीसारखे धाडस अंगी असण्याची गरज पडू नये, पावती आणि अर्ज पुरेसे ठरावेत, हीच त्या भूमिकेची खरी सार्थकता होय.

४.७ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘रजनी’ मालिका आणि ग्राहक संरक्षण कायदा यांचा संबंध मांडताना कोणती दक्षता घ्यावी?
२. आपल्या परिसरातील बोलीत सामान्यनाम म्हणून रूढ झालेली तीन विशेषनामे नोंदवा. त्यांतील गौरवाचा व उपरोधाचा अर्थ सोदाहरण स्पष्ट करा.
३. आपण स्वतः केलेल्या अथवा करावयाच्या एखाद्या तक्रारीचा औपचारिक अर्ज सुमारे १५० शब्दांत लिहा.