समुद्र, भूगर्भ आणि वीज : उनकेश्वरच्या ऊन पाण्याचा हिशेब

भोकरहून हिमायतनगरमार्गे किनवटकडे गेल्यावर, आपल्याच नांदेड जिल्ह्यात उनकेश्वर हे ठिकाण आहे. तेथे जमिनीतून ऊन पाणी आपोआप वर येते. पाण्यात गंधकाचा अंश असल्याने त्वचाविकाराने त्रस्त माणसे दुरून स्नानासाठी येतात. हे पाहून विद्यार्थ्याच्या मनात एक प्रश्न येणे स्वाभाविक आहे. पृथ्वी आपल्याला फुकट ऊन पाणी देत असेल, तर त्यावर वीज का करू नये? रात्री-अपरात्री मोटार चालू करण्यास शेतावर जाणाऱ्या बापाच्या मुलाने हा प्रश्न विचारला, तर त्याला हसून वाटेला लावू नये. त्याला नीट उत्तर मिळाले पाहिजे. प्रस्तुत लेखात भूगर्भातील उष्णता व समुद्र या दोन अपारंपरिक ऊर्जास्रोतांचा विचार आम्ही याच प्रश्नाच्या निमित्ताने करीत आहोत.

वीज कशी असावी, याची कसोटी आपल्याकडे पूर्वीच सांगितली गेली आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते व वीज हा विषयही त्यांच्याकडे होता. वीज स्वस्त आणि मुबलक असल्याखेरीज देशाचे औद्योगिकीकरण यशस्वी होणार नाही, असा विचार त्यांनी १९४३ साली मांडला. १९४४ मध्ये सेंट्रल टेक्निकल पॉवर बोर्डाची स्थापना झाली, तीही याच काळात. वीज निर्माण होते की नाही एवढेच पाहून भागत नाही. ती स्वस्त पडते काय आणि पुरेशी मिळते काय, हेही पाहावे लागते.

आता मूळ तत्त्व पाहू. आम्ही बँकेत काम करणारी माणसे. बँक कशावर चालते हे आम्हांस ठाऊक आहे. ठेवीवर द्यावयाचे व्याज आणि कर्जावर येणारे व्याज यांतील फरकावर ती चालते. तिजोरीत रक्कम कितीही असो, फरक नसेल तर मिळकत नाही. निसर्गाचा व्यवहारही असाच आहे. नुसत्या उष्णतेने यंत्र फिरत नाही. एक बाजू गरम व दुसरी थंड लागते. नुसत्या पाण्याने जनित्र फिरत नाही. एक पातळी उंच व दुसरी खाली लागते. फरक मोठा असेल तर लहान यंत्रात काम भागते. फरक लहान असेल तर प्रचंड यंत्रे बसवावी लागतात, आणि इंधन फुकट असले तरी भांडवल फुकट नसते. त्याचे व्याज रात्रंदिवस चालूच राहते.

प्रथम समुद्र घेऊ. भरतीचे पाणी बांधाआड अडवून ओहोटीच्या वेळी ते जनित्रावरून सोडता येते. फ्रान्समध्ये रान्स नदीच्या मुखाशी १९६६ पासून असे २४० मेगावॉटचे केंद्र आहे. दक्षिण कोरियातील सिहवा येथे २०११ मध्ये २५४ मेगावॉटचे केंद्र झाले. येथे एक गणित लक्षात ठेवावे. भरती-ओहोटीतील अंतर दुप्पट झाले, तर मिळणारी ऊर्जा चौपट होते. म्हणूनच खंबायतच्या आखातात, भावनगरकडे, जेथे पाणी दहा मीटरपर्यंत चढते-उतरते, तेथे अभ्यासकांचे लक्ष गेले. मुंबईस उधाणाच्या वेळी हे अंतर साडेचार-पाच मीटरच्या आसपास असते, म्हणजे ऊर्जा जवळपास चौथा हिस्साच. सुंदरबनात दुर्गादुआनी खाडीवर ३.७५ मेगावॉटचा प्रकल्प योजला होता. खर्च फार होतो म्हणून तो सोडून द्यावा लागला.

लाटांवरही आपल्या देशात प्रयोग झाला आहे. केरळात विळिंजम येथे १९९१ मध्ये १५० किलोवॉटचे केंद्र उभारण्यात आले. काँक्रीटच्या कोठीत लाट वर-खाली झाली की आतील हवा दाबली व ओढली जाते आणि त्या हवेवर चक्र फिरते, अशी ती योजना होती. ते केंद्र पुढे बंद पडले.

समुद्राचा तिसरा मार्ग उष्णतेचा. उष्ण कटिबंधात वरचे पाणी साधारण २८ अंश सेल्सियस, तर हजार मीटर खोलीवरचे पाणी सुमारे ५ ते ७ अंश असते. या फरकावर चालणारे एक मेगावॉटचे तरंगते केंद्र तुतिकोरिनजवळ उभारण्याचा प्रयत्न चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने या शतकाच्या आरंभी केला. थंड पाणी वर आणणारी लांबच लांब नळी समुद्रात उतरविणे जमले नाही व केंद्र चालू होऊ शकले नाही. परंतु हे श्रम वाया गेले असे म्हणता येत नाही. त्याच संस्थेने २००५ मध्ये लक्षद्वीपातील कवरत्ती बेटावर तापमानाच्या अशाच फरकाचा उपयोग करून खाऱ्या पाण्यापासून रोज सुमारे एक लाख लिटर गोडे पाणी करणारे केंद्र सुरू केले. विजेसाठी शोधलेली वाट पिण्याच्या पाण्यासाठी उपयोगी पडली.

आता भूगर्भाकडे वळू. इटलीतील लार्देरेल्लो येथे १९०४ साली भूगर्भातील वाफेवर काही दिवे प्रथम लावले गेले. आज आइसलँडमध्ये बहुतेक घरे भूगर्भातील गरम पाण्याने उबदार ठेवली जातात व विजेचा मोठा भागही त्याच उष्णतेतून मिळतो. भारतात सर्वाधिक आशा लडाखमधील पुगा खोऱ्याबद्दल आहे. तेथे एक मेगावॉटच्या पहिल्या टप्प्यासाठी २०२१ मध्ये ओएनजीसीने करार केला.

आपल्या मराठवाड्याचे काय? येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्या पायाखालचा काळा पाषाण ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा आहे हे खरे. पण तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला आणि केव्हाच निवाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीस ६१७ मीटर खोल छिद्र घेण्यात आले. त्यात ३३८ मीटरपर्यंत काळा पाषाण लागला, मग थोडा गाळाचा थर आणि त्याखाली अतिप्राचीन कठीण खडक. खाली आग नव्हती. खोल जावे तशी उष्णता वाढते, साधारणपणे किलोमीटरला २५ ते ३० अंश. परंतु ही वाढ कमी-अधिक प्रमाणात सर्वत्रच असते. उनकेश्वरसारख्या ठिकाणी पावसाचे पाणी भेगांतून खोल उतरते, तापते आणि दुसऱ्या भेगेतून वर येते, एवढेच.

आता हिशेब मांडू. गरम बाजूच्या तापमानात २७३ मिळवावेत आणि दोन बाजूंतील फरकाला त्या संख्येने भागावे. येणाऱ्या अपूर्णांकाहून अधिक काम कोणतेही यंत्र उष्णतेतून काढू शकत नाही. या नियमाचा पाया फ्रान्सच्या सादी कार्नो यांनी १८२४ साली घातला. कोळशाच्या केंद्रात वाफ ५४० अंश व थंड बाजू ४० अंश धरली, तर ५०० भागिले ८१३, म्हणजे शेकडा सुमारे ६१. समुद्राच्या उष्णतेत २३ भागिले ३०१, म्हणजे शेकडा साडेसात. उदाहरणादाखल ऊन पाणी ४५ अंश व थंड बाजू ३० अंश धरू. १५ भागिले ३१८, म्हणजे शेकडा पाचही नाही. ही झाली कमाल मर्यादा. प्रत्यक्ष हाती त्याहून बरेच कमी येते, आणि त्यातूनही पंपांची वीज वजा करावी लागते.

कोणी म्हणेल, अलास्कात चेना येथे २००६ पासून केवळ ७४ अंशांच्या पाण्यावर वीज होते. होते, हे खरे. कोकणातही उन्हवरे येथे सुमारे ७० अंशांचे पाणी आहे. परंतु चेना येथे थंड बाजूला चार-पाच अंशांचे पाणी मिळते आणि ७० अंशांचा फरक साधतो. आपल्याकडे मे महिन्यात हवाच बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जाते, आणि पैनगंगेचे पात्र तेव्हा कसे असते हे किनवटकरांना सांगावयास नको. आपल्याला उष्णतेची वाण नाही. वाण आहे ती थंडाव्याची.

तेव्हा उनकेश्वरच्या पाण्यावर वीज करणे स्वस्तही ठरणार नाही आणि मुबलकही होणार नाही. ते पाणी स्नानासाठी आहे. झरे स्वच्छ राखणे हाच त्याचा खरा विनियोग. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी यासाठी आपल्या भागाला जवळचा मार्ग सूर्याचा आहे. २०१७ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्याच दिशेची आहे.

विद्यार्थी मित्रांनी यातून एक सवय लावून घ्यावी, अशी आमची इच्छा आहे. अमुक ठिकाणी अमुक गोष्टीपासून वीज होणार, असे कोणी सांगितले की तीन प्रश्न विचारावेत. फरक किती? यंत्राला खर्च किती? आणि ती वीज शेवटच्या घरापर्यंत कोणत्या दराने जाणार? हे प्रश्न विचारण्यास इंजिनिअरच असावे लागते असे नाही. भागाकार येत असला म्हणजे पुरे.