ल्युकेमियातील प्रतिबंधक प्रतिजैविके आणि जिवाणूंचा प्रतिरोध

व्याधिक्षमत्वाचे विवरण करताना चक्रपाणीने दोन अंगे सांगितली आहेत : उत्पन्न व्याधीच्या बलाला विरोध आणि व्याधीच्या उत्पत्तीलाच प्रतिबंध. तीव्र ल्युकेमियाच्या रुग्णात केमोथेरपीनंतर ही दोन्ही अंगे क्षीण होतात. न्यूट्रोफिल पेशींची संख्या दर घन मिलिमीटरला ५०० च्या खाली जाते. मुख व आतड्यांचे अंतःस्तर सोलवटतात. एरवी निरुपद्रवी असणारे आतड्यातील जिवाणू तेथूनच रक्तात शिरतात.

प्रतिबंधक योजना
हा काळ निभावण्यासाठी अनेक ठिकाणी ज्वर येण्यापूर्वीच लिव्होफ्लॉक्सासिन देतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातील अभ्यासात तीव्र ल्युकेमियाच्या मुलांपैकी औषध न दिलेल्या ४३.४ टक्के, तर औषध दिलेल्या २१.९ टक्के मुलांच्या रक्तात जिवाणुसंसर्ग आढळला.

प्रतिरोधाचा परिणाम
हा लाभ आतड्यातील जिवाणू औषधाला दाद देतात तोवरच टिकतो. संवेदनशील जिवाणू मरतात, प्रतिरोधी उरतात व रिकामी जागा व्यापतात. पुढील संसर्ग त्यांचाच होतो. अशा प्रतिबंधाची परिणामकारकता ३० टक्क्यांनी घटल्यास अमेरिकेत शस्त्रक्रिया व केमोथेरपीच्या रुग्णांत दरवर्षी १,२०,००० अधिक संसर्ग व ६,३०० अधिक मृत्यू होतील, असा अंदाज २०१५ साली मांडला गेला. भारतात ई. कोलाय जिवाणूंमध्ये या वर्गातील औषधांचा प्रतिरोध मोठ्या प्रमाणावर आढळतो. त्यामुळे रुग्ण उपचारापूर्वीच प्रतिरोधी जिवाणू बाळगून असू शकतो.

वैद्य व औषधविक्रेत्यांचे कर्तव्य
१) केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णास १००.४ अंश फॅरनहाइट वा अधिक ज्वर हा आत्ययिक प्रसंग समजावा. ज्वरघ्न काढा देऊन वाट पाहू नये. तत्काळ रुग्णालयात पाठवावे.
२) पेशी घटलेल्या काळात बस्ती देऊ नये. निर्जंतुक नसलेली कच्ची चूर्णे टाळावीत.
३) लोहामुळे लिव्होफ्लॉक्सासिनचे शोषण घटते. म्हणून लोहभस्म, मंडूर इत्यादी कल्प कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याविना देऊ नयेत.
४) लिव्होफ्लॉक्सासिन १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या शेड्यूल एच-१ मध्ये आहे. चिठ्ठीविना विक्री करू नये. चिठ्ठी लिहिणाऱ्याचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध व प्रमाण यांची नोंद स्वतंत्र वहीत करून ती तीन वर्षे जपावी.

साध्या अतिसारासाठी दिलेल्या चार गोळ्यांनी पोसलेला प्रतिरोध त्या एका रुग्णापुरता राहत नाही. तो कुटुंबात, पाण्यात व रुग्णालयात पसरतो आणि ज्याचे स्वतःचे बल उरलेले नाही त्याच्यापर्यंत पोहोचतो. प्रतिजैविकांचा संयम हा म्हणूनच परस्वास्थ्यरक्षणाचाही भाग होय.