दुकानदाराला वजन खरं सांग

अगं, मागचे शॉकअप बदलायचं मनावर घेतलंस ते बरं केलंस. पण पैसे काढण्याआधी जरा माझ्यापाशी बस. दत्त चौकात गाडी लावून नुसतं विचारलंस तरी पाच पोट्टे पाच ब्रँड सांगतील. एक गोष्ट मात्र पाचांतला एकही विचारणार नाही, ती म्हणजे तुझं वजन. त्यांना विचारायला अवघड वाटतं, तुला सांगायला. आणि सगळा घोळ तिथेच होतो, कारण शॉकअपची स्प्रिंग गाडीच्या रंगावर किंवा ब्रँडच्या नावावर ठरत नाही, तिच्यावर किती किलो बसणार यावर ठरते.

आपण बायका क्रूझर का घेतो ते तुला-मला ठाऊक आहे. सीट खाली असते. ॲव्हेंजरची सीट जमिनीपासून 737 मिलिमीटरवर, मिटिऑर 350ची 765वर. सिग्नलला दोन्ही पाय टेकतात, मागून हॉर्न वाजला तरी जीव घाबरत नाही. बजाजने 2001 मध्ये कावासाकीबरोबर एलिमिनेटर आणली आणि 2005 मध्ये ॲव्हेंजर, तेव्हा जाहिरातीत आपण नव्हतो. पण बुटक्या माणसाला जमणारी मोठी गाडी म्हणून ती आपल्याला फार सोयीची पडली. आता या सोयीची किंमत ऐक. सीट खाली आणायची तर मागच्या चाकाला वर-खाली व्हायला जागा कमी उरते. त्यात पाय पुढे, पाठ सरळ, आणि बसायची जागा मागच्या चाकाजवळ. साध्या गाडीवर खड्डा दिसला की पायांवर जोर देऊन जरा उठता येतं. क्रूझरवर ते धड जमत नाही. शॉकअपने जेवढं सोसलं तेवढं सोसलं, उरलेलं थेट माकडहाडाला. पाळीच्या दिवसांत ते किती लागतं, हे मिस्त्रीला कुठे सांगत बसणार?

म्हणून तू म्हणतेस ‘कडक शॉकअप घेते’. थांब. गाडी आदळते म्हणजे शॉकअप मऊ आहेत, असं दरवेळी नसतं. तुझ्यासारख्या हलक्या अंगाच्या बाईची गाडी बऱ्याचदा उलट कारणाने आदळते. कंपनी एकच स्प्रिंग बसवते. तिच्यावर कधी एकटी तू असणार, तर कधी नवरा-बायको आणि वर गहू दळायचा डबा. ओझ्याचा विचार करून बसवलेली ती स्प्रिंग तुझ्या पन्नास-बावन्न किलोला दबतच नाही. अशा गाडीला ‘हेवी ड्यूटी’ जोडी लावलीस तर पैसे देऊन दुखणं विकत घेशील. बाजारातले बहुतेक सल्ले ऐंशी-नव्वद किलोच्या गड्यांचे असतात. त्यांच्यापुरते ते खरेही असतात.

शॉकअपमध्ये दोन वेगळ्या वस्तू असतात, हे एकदा डोक्यात बसव. बाहेर स्प्रिंग, ती वजन पेलते. आत नळीत तेल आणि छोट्या भोकांचा पिस्टन, तो स्प्रिंगची उसळी आवरतो. तेल नसतं तर एका गतिरोधकावरून गेल्यावर गाडी झोपाळ्यासारखी डुलत राहिली असती. आता हे आपल्या रस्त्यांना लावून बघ. वडकी, करंजी, पांढरकवड्यावरून जाणाऱ्या 44 नंबरच्या चौपदरी हायवेवर फारसं काही कळत नाही. खरी परीक्षा आतल्या रस्त्यांवर. आपली काळी कापसाची माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्या पाठीवरचं डांबर तिच्यासोबत वर-खाली होतं. म्हणून घाटंजीकडे काय किंवा बाभुळगावकडे काय, खड्डा नसलेल्या रस्त्यावरही लाटा लागतात. लाटांवर गाडी डुलायला लागली, दुसऱ्या-तिसऱ्या लाटेला बूड सीटवरून उचललं जायला लागलं, की समज तेल थकलंय. वणीच्या बाजूला कोळशाच्या ट्रकांनी दाबून चाकोऱ्या केलेल्या असतात; तिथे, नाहीतर धारदार खड्ड्यात ठणकन लागलं, तर स्प्रिंग तुझ्या वजनाला जुळत नसेल, किंवा चाकाला वर यायला जागाच संपली असेल. दोन्ही दुखण्यांना औषध वेगळं.

आता बिनपैशाचं काम आधी. टायरमधली हवा सकाळी, गाडी थंड असताना, स्वतःच्या गेजने मोज. चेनकव्हरवर किंवा मागचं चाक धरणाऱ्या चिमट्यावर कंपनीचा स्टिकर असतो, एकटीसाठी आणि डबलसीटसाठी वेगळे आकडे लिहिलेले असतात. पंपावरचा पोऱ्या ‘पस्तीस टाकतो’ म्हणाला म्हणून पस्तीस नाही. फुगवलेलं टायर प्रत्येक खडा वर पाठवतं, आणि आपण बिचाऱ्या शॉकअपला शिव्या देतो. मग मागच्या शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर बोट फिरव. तेलकट लागलं आणि धूळ चिकटलेली दिसली तर सील गेलंय. सीट दोन्ही हातांनी जोरात दाबून सोड. गाडीने वर येऊन थांबायला हवं. दोन-तीनदा उसळली तर आतलं तेल काम करत नाही. आणि मागचं चाक उचलून आडवं हलवून बघ. खटखट वाजलं तर चिमट्याचे बुश नाहीतर चाकाचे बेअरिंग गेलेत. ते तसेच ठेवून जगातला सर्वात भारी शॉकअप लावलास तरी गाडी वळणावर शेपूट हलवणारच.

यानंतर येतात शॉकअपवरच्या खाचा, स्प्रिंग कमी-जास्त दाबून ठेवायच्या. ॲव्हेंजरला पाच असतात, मिटिऑरला सहा. हुकासारख्या पान्याने फिरतात. गॅरेजमध्ये गेलीस की मिस्त्री म्हणतो, ‘ताई, फुल्ल टाइट करून देतो, मंग पाहा.’ नको म्हण. खाच वाढवल्याने स्प्रिंग कडक होत नाही, ती फक्त आधीच दाबून ठेवली जाते आणि गाडी उंच उभी राहते. मग चाकाला खड्ड्यात खाली उतरायला जागा उरत नाही. गाडी आधीपेक्षा जास्त ठणकते, शिवाय तुझे पाय टेकायचे बंद होतात. दोन्ही बाजूंची खाच नेहमी सारखी ठेव.

कोणती खाच तुझी, ते टेपने कळतं. घरी भावाला बोलव, नाहीतर शेजारच्या काकूंना. मागचं चाक हवेत असताना चाकाच्या आसापासून सरळ वर मडगार्डवरच्या एका खुणेपर्यंत माप घे. मग रोजच्या कपड्यांत, हेल्मेट घालून, पाठीला डबा-कागदांची बॅग लावून सीटवर बस. दोन्ही पाय फुटरेस्टवर हवेत, गाडी कुणीतरी धरेल. तेच माप पुन्हा. दोन्हींतला फरक म्हणजे तुझ्या वजनाने गाडी किती बसली. मागच्या चाकाची एकूण चाल जेवढी, तिचा चौथा ते तिसरा हिस्सा गाडी बसायला हवी. समजा चाल 100 मिलिमीटर असली, तर 25 ते 33. सगळ्यात हलक्या खाचेवरही गाडी दहा-बारा मिलिमीटरच बसत असेल, तर तुझ्यासाठी स्प्रिंग कडक आहे, हलकी स्प्रिंग शोध. शेवटच्या खाचेवरही चाळीसच्या पुढे जात असेल तर स्प्रिंग खरंच मऊ. आईला मागे बसवून तिसरं माप घेऊन ठेव, कळंबच्या चिंतामणीला तुम्ही दोघी जाता तेव्हाची खाच त्यावरून ठरेल.

हे तीन आकडे हातात असले की दुकानात जा. आणि तिथे वजन खरं सांग गं. पन्नास असेल तर पन्नास, ब्याऐंशी असेल तर ब्याऐंशी. गिरगावच्या पाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून बुलेट चालवणाऱ्या बायका बघून आपण टाळ्या वाजवतो, आणि काउंटरवर स्वतःचे किलो सांगताना आवाज खाली जातो. दुकानदाराला तुझ्या फिगरशी काय घेणंदेणं? चांगली कंपनी वजन विचारून स्प्रिंग देते. जो दुकानदार ‘सगळ्यांना हाच चालतो’ म्हणतो, त्याच्याकडून घेऊ नकोस.

प्रकार समजून घे, म्हणजे कुणी गंडवणार नाही. साध्या इमल्शन शॉकअपमध्ये तेल आणि वायू एकाच नळीत असतात. खराब रस्त्यावर सतत आपटलं की तेलाला फेस येतो आणि आवरण्याची ताकद घटते. त्यात आपला मे महिना. गरम तेल आणखी पातळ होतं. महागड्या जोडीत नायट्रोजन वेगळ्या कप्प्यात कोंडलेला असतो, काहींना बाजूला छोटी डबी असते, तिथे फेसाचा प्रश्न कमी. रोज वीस-तीस किलोमीटर नोकरीला जाणाऱ्या बाईला डबीवाली जोडी लागतेच असं नाही. माझं स्पष्ट मत विचारशील, तर डबीवर पैसे घालण्यापेक्षा उसळीचा वेग कमी-जास्त करता येणारा स्क्रू आणि आपल्या वजनाची स्प्रिंग मिळते का ते बघ. आणि कंपनीचीच नवी जोडी नेहमीच कमी दर्जाची असते असं समजू नकोस. या धंद्यात आपला मुलूख जुना आहे: गॅब्रिएल इंडिया 1961 मध्ये मुंबईत मुलुंडला सुरू झाली, एन्ड्युरन्स संभाजीनगरजवळच्या वाळूजची. थायलंडची वायएसएस, स्वीडनची ओलिन्स ही नावं ऐकायला छान, पण तुझी गाडी आठ वर्षं जुन्या, गळक्या शॉकअपवर चालत असेल तर मूळ जोडी नवी बसवूनच अर्धं दुखणं जाईल. जोडी म्हटलं की दोन्ही बदलायचे. एक जुना, एक नवा असलं काही नाही.

नकली माल पुष्कळ आहे. रंगीत स्प्रिंग, सोनेरी डबी, आणि डबी आतून पोकळ. सुटा भाग मिळतो का, सील बदलून मिळतं का, हे विचारलंस की खरं-खोटं लगेच कळतं. जुना शॉकअप भोक पाडून तेल भरून देतो म्हणणारे असतात. वायूच्या दाबाचा शॉकअप असेल तर त्याला ड्रिल किंवा वेल्डिंग लावूच देऊ नकोस, फुटतो.

लांबी मात्र मूळ शॉकअपइतकीच घे, वरच्या भोकापासून खालच्या भोकापर्यंत. उंचीच्या धाकाने काही मैत्रिणी आखूड शॉकअप लावतात. मग डबलसीट बसलं की टायर मडगार्डला घासतं, गावातल्या गतिरोधकावर पोट लागतं, आणि साइड स्टँडवर गाडी इतकी सरळ उभी राहते की जरा धक्का लागला की पलीकडे आडवी. लांब शॉकअप लावले तर हेडलाइटचा झोत खाली जातो, चेनचा ताण बदलतो. पाय टेकत नसतील तर सीटचा फोम कारागिराकडून कोरून घे, ते परवडतं. कायद्याचंही असू दे ध्यानात: मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसी बुकातल्या मूळ तपशिलापासून गाडी बदलता येत नाही, आणि 9 जानेवारी 2019 ला सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. मूळ मापाचा, त्याच कामाचा भाग बदलणं वेगळं, गाडीचा ढाचा बदलणं वेगळं. वॉरंटी चालू असेल तर सर्व्हिस सेंटरला आधी विचार आणि उत्तर लेखी घे.

बसवताना समोर उभी राहा, लाजू नकोस. एका वेळी एकच बाजू सोडायला सांग, म्हणजे चिमटा खाली पडत नाही. भोकातला बुश बोल्टाच्या मापाचा आहे का, चेनकव्हर, सायलेन्सर, साडीगार्ड कुठे घासत नाही ना, ते चाक हाताने फिरवून बघ. बोल्ट टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्यावर. शेवटी तू सीटवर बसलेली असताना चेनचा ढिलेपणा तपासून घे. थोडं चालवल्यावर बोल्ट पुन्हा एकदा बघायचे आणि टेपचं मापही पुन्हा घ्यायचं.

ओळखीतल्या बायकांनाही विचार. पुण्यात 2011 मध्ये ‘बाइकर्नी’ हा बायकांचा गट सुरू झाला, तशा गटांतून लांब जाणाऱ्या मुली भेटतात. पण ‘कोणता ब्रँड’ असं विचारू नकोस. ‘तुझं वजन किती, स्प्रिंग कोणती, खाच कितवी’ असं विचार.

जुनी जोडी भंगारात देऊ नकोस. गळत नसेल तर कापडात गुंडाळून माळ्यावर ठेव, गाडी विकताना लागेल. आणि येत्या रविवारी ऊन चढायच्या आत टेप घेऊन अंगणात गाडी लाव. तिन्ही मापं आणि वजन मला कळव, खरंखुरं. तोवर कुणाला ॲडव्हान्स देऊ नकोस.