आंधी आणि दुकान

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकले. ते येणार हे कोकणातल्या दुकानदारांना आदल्या दिवशीच ठाऊक होते. जयपूरच्या गोपालपुरा बायपासवर माझ्या काकांचे स्टेशनरी आणि झेरॉक्सचे दुकान आहे. तिथे एप्रिल ते जूनमध्ये येणारी आंधी एवढी सवड देत नाही. हवामान खात्याचा तातडीचा इशारा साधारण तीन तासांपुरता असतो आणि आंधी नेमकी कोणत्या गल्लीत शिरेल हे त्यातून कळत नाही. चक्रीवादळाची बरीच तयारी इशाऱ्यानंतर करता येते, आंधीची मार्चमध्येच झालेली हवी.

आंधी होते कशी? तापलेल्या हवेत गडगडाटी ढग उभा राहतो. त्यातला पाऊस कोरड्या हवेतून पडताना वाटेतच वाफ होऊन जातो. त्यामुळे हवा गार आणि जड होऊन खाली कोसळते, जमिनीवर चहूकडे पसरते आणि धूळ उचलते. आपल्याकडे वळवाआधी सुटणारा सोसाटाही पुष्कळदा असाच असतो, फक्त इथे धूळ फार.

आता दुकानाचा फलक पाहू. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० किलोमीटर वेगाला एका चौरस मीटरवर सुमारे १७ किलो वजनाइतका जोर येतो. काकांचा फलक १० फूट लांब, ४ फूट उंच आहे, म्हणजे त्यावर सुमारे ६३ किलो. वेग १२० झाला तर जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो, म्हणजे अडीचशे किलो! आणि हे सगळे चार खिळ्यांवर. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला पेट्रोल पंपावर जाहिरातीचा फलक कोसळून १७ माणसे गेली. महापालिका ४० बाय ४० फुटांपर्यंतच परवानगी देते, तो १२० बाय १२० होता. क्षेत्रफळ नऊपट, म्हणून जोरही नऊपट.

पत्र्याच्या छपराचे गणित वेगळे आहे. वारा छपरावरून जाताना पत्रा वर ओढतो. अशा वेळी बरेच दुकानदार शटर अर्धे ओढून रस्त्यावरची गंमत बघत उभे राहतात. पण मग वारा आत शिरून पत्र्याला आतूनही वर ढकलतो. म्हणून शटर पूर्ण खाली आणि मागची खिडकीही बंद. पत्र्यावर विटा किंवा टायर ठेवू नयेत, ते उडून कोणाच्या तरी डोक्यात बसतात. पत्रा हुक-बोल्टनेच आवळावा आणि गंजलेले बोल्ट मार्चमध्ये बदलावेत.

शाळेत फायर ड्रिलला प्रत्येकाचे काम आधीच ठरलेले असते. तसेच सुट्टीत आम्ही दुकानात ठरवले. एकाने बाहेरचा स्टँड आणि खुर्च्या आत घ्यायच्या, दुसऱ्याने झेरॉक्स मशीनचा प्लग काढून मेन स्विच बंद करायचा, काकांनी गिऱ्हाइकांना आत घ्यायचे. क्लासची मुले आंधी आली की फलकाखाली किंवा झाडाखाली धावतात, त्यांना हाक मारून आत बोलवायचे. २ मे २०१८ च्या रात्री भरतपूर, धौलपूर, अलवर आणि उत्तर प्रदेशात वादळाने शंभरहून अधिक माणसे दगावली, त्यांतली कित्येक पडलेल्या भिंतींखाली. त्यामुळे आमच्या क्रमात माल शेवटी येतो.

मालासाठी विमा आहे. पाच कोटींपर्यंत मालमत्ता असलेल्या छोट्या व्यवसायांसाठी २०२१ पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही पॉलिसी मिळते आणि तिच्यात वादळही धरलेले आहे. मात्र भरपाई मागताना किती माल होता हे दाखवावे लागते. म्हणून दर महिन्याला कपाटांचे फोटो काढून ते काकूंच्या फोनवरही पाठवायचे.

फलकाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. शेजारच्याने १५ बाय ५ फुटांचा लावला आहे आणि क्लासच्या मुलांना लांबून तोच दिसतो, त्यामुळे काकांनाही तेवढाच हवा आहे. मी त्यांना हिशेब करून दाखवला: ताशी ६० च्या वाऱ्यात ११८ किलो. ते म्हणाले, "मग भिंतीवरच नाव रंगवून घेऊ का?" रंगाऱ्याला दर विचारायचे काम माझ्याकडे आले आहे.