खारबांध, उधाण आणि तिवराचे झुडूप

वडखळ येथे मुंबई-गोवा महामार्गास अलिबागचा फाटा फुटतो. त्या फाट्याने पश्चिमेस निघाले की अंबा नदीची खाडी, म्हणजेच धरमतर खाडी, लागते. खाडीकाठचे मातीचे बांध हा पेण तालुक्यातील या पट्ट्याच्या शेतीचा आधार होय. बांधाच्या आत भात आणि बाहेर चिखलात तिवराची झुडपे, ही येथील जुनी वाटणी. परंतु उधाणाच्या भरतीने बांधास खांड पडली आणि ती वेळीच बुजविली गेली नाही, तर ही वाटणी मोडते. खाचरात खारे पाणी येऊ-जाऊ लागते व काही वर्षांतच तेथे तिवर उभे राहते. कोणी न लावलेले हे झुडूप तेथे कसे तग धरते, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. भाताच्या मुळांस असे पाणी ओढून घेता येत नाही. रोप पाण्यात उभे असूनही तहानेने वाळते. तिवराची मुळे मात्र पाणी घेतानाच बहुतेक क्षार बाहेर अडवितात. जे आत शिरतात ते पानांवरील सूक्ष्म ग्रंथींवाटे बाहेर पडतात. तिवराचे पान खारट लागते ते यामुळेच. शिक्षकांनी विद्यार्थ्यांस हे अवश्य दाखवावे. मात्र गेव्याच्या झाडास हात लावू देऊ नये, कारण त्याचा पांढरा चीक डोळ्यांस अपायकारक असतो.

खाडीच्या चिखलात हवा जवळजवळ नसते. म्हणून तिवराची पेन्सिलीएवढी श्वसनमुळे जमिनीतून सरळ वर येतात व ओहोटीच्या वेळी हवा घेतात. जेथे भरतीचे पाणी क्वचित पोहोचते व उन्हाने क्षार साठतात, तेथे हीच वनस्पती वृक्ष न होता खुरटे झुडूप बनून राहते. ती तोडली तरी बुंध्यापासून पुन्हा फुटते.

सर्वांत विलक्षण आहे ते तिचे बी. ते झाडावर असतानाच फळाच्या सालीआड अंकुरते. कोकणात ही फळे पावसाळ्यात गळतात, म्हणजे खाडीच्या पाण्याचा खारेपणा कमी झालेला असतो तेव्हा. भरतीबरोबर तरंगत ती खांडीतून आत येतात आणि चिखलात रुजतात. म्हणूनच खांड पडल्यानंतरचा पहिलाच पावसाळा महत्त्वाचा असतो. तोपर्यंत बांध पूर्ववत झाला, तर पावसाचे गोडे पाणी जमिनीतील क्षार धुऊन नेते. पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राने विकसित केलेल्या क्षारसहिष्णु भातजातीही अशा वेळी उपयोगी पडतात.

तिवर एकदा वाढले की प्रश्न केवळ शेतीचा राहत नाही. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने कांदळवनास संरक्षण दिले. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये राज्यभर कांदळवनतोडीस मनाई केली व २०१८ च्या निकालाने हे संरक्षण कायम केले. जमिनीची मालकी कोणाचीही असो. अशा वेळी सातबाऱ्यावर भातशेती आणि प्रत्यक्षात कांदळवन, अशी शेतकऱ्याची कोंडी होते. यात झुडपाचा दोष नाही. ते पाण्यामागोमाग आले. बांध राखण्याची शासकीय व्यवस्था महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियम, १९७९ या कायद्याखाली आहे. ग्रामपंचायतीने पावसाळ्यापूर्वी बांधाची व उघाड्यांची पाहणी करून खचलेली जागा खारभूमी विभागास लेखी कळवावी. बांधाबाहेरील तिवर मात्र जसेच्या तसे राहू द्यावे. उधाणाची लाट बांधावर आदळण्यापूर्वी तिचा जोर तेच मोडते.