चाकात हवा किती भरावी?



आमच्या वाडीवरून राजूरला यायचा रस्ता अर्धा मुरमाचा, अर्धा डांबरी. माझा दादा नववीत आहे. मुरमाच्या रस्त्यावर सायकलची शर्यत लावायची त्याला भारी हौस. दिवाळीच्या सुट्टीत उतारावर त्याची सायकल घसरली आणि गुडघा फुटला. आई म्हणाली, "परत पडलास तर सायकल विकून टाकीन." दादा म्हणाला, "मी काय केलं? हवा तर टच्च भरली होती!"

घोटाळा तिथेच होता.

हवा पौंडात मोजतात. ४० पौंड म्हणजे आतल्या हवेचा दर चौरस इंचाला ४० पौंडांचा रेटा. दादा आणि सायकल मिळून ६० किलो. मागच्या चाकावर भार जास्त, साधारण ३६ किलो, म्हणजे ८० पौंड. आता भागाकार करा. ४० पौंड हवा असेल तर टायर जमिनीला सुमारे २ चौरस इंचच टेकतो. २० पौंड असेल तर ४ चौरस इंच. टायर जास्त टेकला की खडीला धरून राहतो. टच्च टायर दगडावरून चेंडूसारखा उडतो.

मग हवा निम्मी करावी का? आम्ही तसेच केले. चढ मस्त चढला, धक्केही कमी बसले. पण मोरीजवळच्या दगडावर टायर चेपला, ट्यूब दगड आणि रिम यांच्यात चिमटली. पंक्चर काढताना शेजारी शेजारी दोन भोके दिसली. टायरच्या बाजूला बारीक अक्षरात कमीत कमी आणि जास्तीत जास्त हवा छापलेली असते. आमच्यावर २५ ते ५० आहे. ती आधी वाचली असती तर ट्यूब वाचली असती!

अंगठ्याने दाबून नीट कळत नाही. ३० आणि ४० अंगठ्याला सारखेच लागतात. आम्ही जीपवाल्या काकांचा काटा आणला. दादाच्या सायकलचा व्हॉल्व्ह मोटारीसारखा आहे म्हणून तो बसला. बाबांच्या काळ्या सायकलला बसत नाही. मोजायचे सावलीत, कारण टायर तापला की काटा वर चढतो.

तीन रविवार तोच उतार उतरून आम्ही ठरवले: मागे ३२, पुढे २८. पुढच्या चाकावर भार कमी, म्हणून हवाही कमी. चिखल असला की दोन्हीकडे दोन-दोन पौंड उतरवायचे. डांबरी रस्त्याने जायचे तर ४०, नाहीतर पायडल जड जाते. हे आकडे दादाच्या वजनाचे. मी बसते तेव्हा त्याहून कमी लागते.

डोंगरी सायकलींची शर्यत १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये आली. आता तिथले बरेच स्पर्धक ट्यूबच घालत नाहीत. चिमटायला ट्यूबच नाही, म्हणून त्यांना २० पौंडांच्या आसपासही चालते.

परवाच्या शर्यतीत दादा दुसरा आला. आईने आधी त्याचे गुडघे पाहिले. मग सायकल विकायचा विषय काढला नाही.