मानमोडीची लस : डोळ्या-नाकातून की सुईने?



विटा परिसरातील कमी पावसाच्या भागात अंड्यावरील कोंबड्यांच्या व्यवसायाने अनेक कुटुंबांना आधार दिला आहे. परंतु मानमोडी म्हणजेच राणीखेत रोग शेडमध्ये शिरला, तर काही दिवसांत उभा कळप हातचा जातो. जगल्या-वाचल्या कोंबड्यांचे अंडी उत्पादनही घटते. "लस तर दिली होती, मग रोग आला कसा?" असा प्रश्न अशा वेळी पडतो. त्याचे उत्तर बऱ्याचदा लस देण्याच्या पद्धतीत सापडते.

रोगाची वाट

भारतात हा रोग १९२७ मध्ये राणीखेत येथे आढळला. त्याचे विषाणू नाक, डोळे व तोंडावाटे शरीरात शिरतात. या मार्गांच्या आतील ओलसर अस्तराला श्लेष्मल त्वचा म्हणतात. तेथे विषाणूला अडविणारी प्रतिद्रव्ये तयार असतील, तर रोग दारातच थांबतो. कोंबडीच्या डोळ्यामागे हार्डेरियन नावाची ग्रंथी असते. डोळ्यात टाकलेला जिवंत लसीचा थेंब या ग्रंथीला जागे करतो आणि अश्रुनलिकेतून नाकातही उतरतो. म्हणून लासोटा किंवा एफ लस थेंबाने देतात.

सुईच्या लसीचे काम

सुईच्या लसीत मेलेले विषाणू तेलात मिसळलेले असतात. तेल हे साहाय्यक द्रव्य होय. त्यामुळे लस टोचलेल्या जागी हळूहळू सुटते व रक्तात भरपूर प्रतिद्रव्ये दीर्घकाळ टिकतात. अंडी उत्पादनाच्या काळात याचा मोठा उपयोग होतो. मात्र नाकाच्या अस्तरावर तिचा प्रभाव कमी पडतो. कोंबडी निरोगी दिसली तरी विषाणू तेथे वाढून शेजारणीकडे जाऊ शकतो. म्हणून दोन्ही लसी हव्यात. एक दारावरची राखण, तर दुसरी घरातली.

मेलेली लस नाकात का टाकत नाहीत? कारण चिकट स्रावाबरोबर ती लवकर वाहून जाते. तिला अस्तरावर धरून ठेवण्यासाठी कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून मिळणाऱ्या कायटोसानसारख्या द्रव्यांवर संशोधन चालू आहे. माणसांसाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये स्वाइन फ्लूची नाकातून देण्याची लस आणली, ती जिवंत पण क्षीण विषाणूंची होती. स्वित्झर्लंडमध्ये २०००-०१ च्या हंगामात जिवाणूचे विष साहाय्यक म्हणून घातलेली नाकातील फ्लूची लस वापरली गेली. काही जणांच्या चेहऱ्याचा लकवा झाल्याने ती मागे घ्यावी लागली. तेव्हा लसीत स्वतःच्या मनाने काहीही मिसळू नये.

लस देताना घ्यावयाची काळजी

१. पहिली लस ५ ते ७ दिवसांच्या पिलांना डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब द्यावी. थेंब आत गेल्यावरच पिलू सोडावे.

२. लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी. शेडवर बर्फाच्या थर्मासमधून न्यावी आणि सकाळी किंवा सायंकाळी द्यावी. कालवलेली लस एक ते दोन तासांत संपवावी.

३. पुढील मात्रा पाण्यातून द्यायची असल्यास ब्लीचिंग पावडर किंवा इतर जंतुनाशक नसलेले थंड पाणी वापरावे. लिटरला ५ ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर घालावी. त्याआधी एक-दोन तास पाणी बंद ठेवावे.

४. तेलाची लस अंड्यावर येण्यापूर्वी, १६ ते १८ आठवड्यांच्या सुमारास, मानेच्या कातडीखाली टोचावी. ती गोठू देऊ नये.

५. आजारी पक्ष्यांना लस देऊ नये. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत, कारण जिवंत लसीमुळे माणसाचे डोळे येऊ शकतात. रिकाम्या बाटल्या जाळून पुराव्यात.

पुढील मात्रांचे वेळापत्रक पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावे.

बर्ड फ्लू वेगळा

मानमोडीची लस बर्ड फ्लूवर चालत नाही. भोपाळच्या राष्ट्रीय संस्थेने २०२२ मध्ये सौम्य एच९एन२ प्रकारावर मेलेल्या विषाणूंची लस तयार केली. पण ती घातक एच५एन१ साठी नाही. २००६ मध्ये नवापूर येथे एच५एन१ आला, तेव्हा कळपच्या कळप नष्ट करावे लागले. म्हणून अचानक मोठी मर दिसल्यास पक्षी विकू नयेत, मेलेले उघड्यावर टाकू नयेत आणि त्वरित पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.

बंधूंनो, एका थेंबासाठी पिलू हातात धरून क्षणभर थांबावे लागते. त्या क्षणाची घाई पुढे वर्षभराच्या अंड्यांना महागात पडू शकते.